माळवदावरची गढी

एसटी आमच्या फाट्यावर थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फाट्यापासून पेठेपर्यंतचा रस्ता आता सिमेंटचा झालाय. दोन्ही बाजूंना शटरं, मोबाईलची दुकानं, एक केक मिळणारी बेकरीसुद्धा. त्या सगळ्यात आमचं घर दातांच्या ओळीत एखादा जुना पिवळा दात राहावा तसं दिसत होतं. लाकडी खांब, खाली वाकलेली वळचण, आणि ओट्यावर पांढऱ्या मातीचा ढीग.

आठवड्यापूर्वी माझ्या धाकट्या भावाचा, महेशचा, फोन आला होता. "ताई, समोरचं दुकान-दालन पाडायचं म्हणतोय. तुझाबी हिस्सा हाय त्याच्यात. तू हो म्हणल्याबिगर मी कुदळ लावनार न्हाई." मी फोनवर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. येते, म्हटलं. खरं सांगायचं तर मी नाही म्हणायलाच आले होते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला गावाकडच्या जुन्या खांबांचं फार प्रेम असतं.

ओट्यावरची माती दालनाचीच होती. मागच्या पावसाळ्यात एक कोपरा आपोआप खाली आला होता, तो महेशनं भरून बाहेर काढला होता. मी बॅग ठेवली आणि त्यातलं एक ढेकूळ उचललं. वाळलेल्या मातीला वास नसतो. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं ते त्यावर ओतलं, आणि मग तो वास आला. राखेचा, कडब्याचा, जुन्या रांजणाच्या तळाचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला मला आजवर नाव देता आलेलं नाही. मी तिथेच ओट्यावर बसले. महेश आतून म्हणाला, "अगं ये ना, बाहीर कावून बसलीस?" मी म्हटलं, "येते रे, जरा थांब."

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. भिंतीवर जाड तुळया, तुळयांवर लाकडाच्या आडव्या पट्ट्या, त्यावर पाला, आणि पाल्यावर हातभर मातीचा थर. त्याचं सपाट छप्पर म्हणजे माळवद. सगळ्यात वरचा थर मात्र पांढऱ्या मातीचाच लागतो, कारण ती चोपून बसवली की पाणी धरत नाही, वरच्यावर वाहून जातं. ती माती आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळायची. गावामागच्या गढीत.

गढी म्हणजे कुणा जुन्या देशमुखांचा मातीचा किल्ला. देशमुख केव्हाच गेले. वाडा गेला, दरवाजा गेला, उरला तो उंच पांढरा ढिगारा आणि त्याच्या कडेला एक अर्धा बुरूज. आम्हा पोरांना गढीवर जायची बंदी होती, साप आहेत म्हणून. मोठ्या माणसांना नव्हती. वैशाखात एक दिवस ठरायचा आणि सगळी पेठ टोपल्या, खोरी घेऊन गढीकडे निघायची. कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचं तरी कुणाला?

त्या दिवसाला आम्ही नुसतं 'माती' म्हणायचो. उद्या माती आहे, असं. पेठेतली घरं एकमेकांना चिकटून होती आणि माळवदं एकात एक मिसळलेली. मारुतीच्या देवळापासून मशिदीपर्यंत खाली पाय न टेकता वरच्यावर जाता यायचं. त्यामुळे एकानं माती टाकून भागत नसे. एकानं आळस केला की पाणी शेजाऱ्याच्या घरात उतरायचं. म्हणून सगळ्यांची माती एकाच दिवशी. बायका खाली चाळायच्या, माणसं शिडीवरून टोपल्या वर द्यायची, आणि वर आमचे शेजारी हमीदचाचा माती चोपायचा जड धुमस घेऊन उभे असायचे. बांगड्या विकणारा तो नाजूक बोटांचा माणूस त्या दिवशी धुमसानं अख्ख्या पेठेची माळवदं चोपत जायचा. धप्प, धप्प, धप्प. तो आवाज खाली घरात छातीत ऐकू यायचा. दुपारी जैतूनचाचीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, केलेलं पन्हं आणि माझ्या आईच्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा. सगळ्यांच्या भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या. माझे वडील, अप्पा, रोज सकाळी लिंगपूजा करून कपाळाला विभूती लावायचे. त्या दिवशी हमीदचाचा म्हणायचे, "आज तो सगळीच पेठ लिंगायत झाली, शेटजी!" दर वर्षी हेच म्हणायचे, आणि दर वर्षी सगळे तसेच हसायचे.

त्या माळवदानं आम्हाला काय काय दिलं ते आता बसून आठवते. थंडीत पाठीला ऊन. चिंचा फोडताना जिभेला आलेली आंबट चीर. चैत्रात चादरीवर घातलेल्या कुरडया, आणि त्यातल्या अर्ध्या ओल्या असतानाच चोरून खाल्लेल्या. उन्हाळ्यात अंथरुणं वर जायची. आधी पाणी शिंपडायचं, मग माती सुस्कारा टाकायची, तोच हा वास, आणि मग गोधडीवर पडून शेजारच्या माळवदावरच्या माणसांशी झोपता झोपता गप्पा. जैतूनचाची तिकडून काहीतरी विचारायची, आई इकडून उत्तर द्यायची, आणि मधल्या मधे आम्ही पोरं झोपून जायचो.

पण मी हे वरचं सांगतेय. खालचं आईला विचारा.

आई बार्शीची. माहेरी चुन्याच्या भिंती आणि रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या. लग्न होऊन ती आमच्या घरात आली आणि मागच्या स्वयंपाकघरात शिरली ती वीस-बावीस वर्षं अंधारातच राहिली. घर लांबोळकं. समोर अप्पांचं कापडाचं दुकान, मधे दालन, मागे स्वयंपाकघर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. मागची भिंत गढीकडे, पण तिला भोक नाही, कारण जुन्या माणसांनी चोरांच्या भीतीनं ती बंदच बांधलेली. आणि आता पाडायचं म्हटलं तर सगळ्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या. उजेडासाठी छपराला एक झरोका, ताटाएवढा. पावसाळ्यात तोही घमेल्यानं झाकायचा. भर दुपारी आई चिमणी लावून भाकरी थापायची.

आणि वरून माती. सारखी माती. पट्ट्यांतून भुरुभुरु पडत राहायची. दुधात, कणकेत, केसात. चुलीवर अप्पांनी दुकानातल्या मांजरपाटाचं छत बांधलं होतं. ते वर्षभरात मातीनं पोटासारखं खाली यायचं आणि दिवाळीच्या आधी सोडून झटकायचं. कधीकधी मातीबरोबर नांगी वर केलेली इंगळी पडायची. आई तिला चिमट्यानं उचलून चुलीत टाकायची आणि भाकरी उलटायची. तिचं मागणं एकच होतं. "मला काय सोनंनाणं नको. चुलीपुढं एक खिडकी पाहिजे. हात दिसंल एवढा उजेड पाहिजे."

तिचं हे बोलणं दालनातल्या भिंतीच्या एका कोनाड्यातून पलीकडे जायचं. आमची आणि हमीदचाचांची ती सामायिक भिंत. त्या कोनाड्याला मागे वीतभर भोक होतं. कुणी पाडलं, कधी, कुणालाच ठाऊक नाही. त्यातून वाट्या जायच्या, विस्तव जायचा, बांगड्यांची मापं जायची, आणि दोघी बायकांचं दिवसभराचं बोलणं. जैतूनचाची तिकडून म्हणायची, "मिळंल गं खिडकी. अल्ला देईल, तुझा म्हादेव देईल, कुणीतरी देईलच की."

मग नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं आली. पेठेत पहिलं शटर बसलं तेव्हा आम्ही शाळेतून येताना थांबून त्याचा खडखडाट ऐकायचो. पिवळ्या पाटीचं एसटीडीचं खोकं आलं. घरांवर तव्यासारख्या तबकड्या आल्या, आणि माळवदांवरून काळ्या तारा धावायला लागल्या. थंड बाटल्यांचं फ्रीज आलं. अप्पांकडे सदऱ्याचं कापड फाडून घेणारी माणसं बीडहून तयार शर्ट आणायला लागली. अप्पा गादीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. काच हवी, उजेड हवा, कपडे टांगायला जागा हवी, असं ते पहिल्यांदाच बोलायला लागले.

त्यात किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली, तेवढंच. पण दगडमातीच्या घरांखाली तिकडे माणसं कशी गेली ते ऐकल्यापासून पेठ वर बघायला लागली. ज्या मातीवर आम्ही लोळलो ती आमच्या डोक्यावर आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आई जेवताना घास थांबवून छताकडे बघायची. अप्पांनी सळया आणून ओट्यावर टाकल्या. सगळं घर पाडून स्लॅब टाकायचा, समोर दोन शटरं, मागे स्वयंपाकघराला खिडकी. आईनं त्या सळयांना हळदकुंकू लावलं.

आणि नेमके तेव्हाच ते साहेब आले.

जुन्या घरांची पाहणी करणारे कुठल्याशा सरकारी खात्याचे ते साहेब. बारीक, चष्मेवाले, खांद्याला कॅमेरा. आमच्या दालनात शिरले आणि खांबांवरच्या केळफुलाच्या नक्षीवरून त्यांनी असा हात फिरवला की आम्हाला आमचेच खांब नवे वाटले. रोज त्यांना दोर बांधून आम्ही झोके घेत होतो, पण ही फुलं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्याबद्दल त्या साहेबांचे उपकार मी आजही मानते. बाहेर ओट्यावर गर्दी जमली. सरपंच धावत आले. साहेब म्हणाले, "हे घर पाडू नका. असं सलग काम या भागात फार कमी राहिलंय. मी वर लिहितो. ही राखायची वास्तू आहे."

"तर! गावाची शान हाय ती," सरपंच म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घराला स्लॅब होता.

अप्पा गादीवरून उठले. "शान हाय तर गावानं एक पावसाळा राहून बघावं की हितं. घर माझं, माती मी वाहिली, गळतं माझ्या ताटात. आन पाडायचं का न्हाई ते हे ठरवनार?"

"तसं नाही शेटजी," साहेब म्हणाले, "हे तुमचं आहेच. पण थोडंसं सगळ्यांचंही आहे."

"मग सगळ्यांनी थोडं थोडं घरी न्या," अप्पा म्हणाले. पेठ हसली. साहेबही हसले, आणि मला ते आवडले.

भांडण अर्धवट टाकून अप्पांनी त्यांना जेवायला बसवलं. उन्हाच्या वेळी दारातून कुणाला उपाशी पाठवायची पद्धत आमच्यात नव्हती, मग तो घर हिसकायला आलेला का असेना. दालनात पाट मांडले. साहेबांनी पहिला घास घेतला आणि वरून चिमूटभर माती नेमकी त्यांच्या वरणात पडली. साहेबांनी वर बघितलं, वाटीत बघितलं, आणि बोटानं माती बाजूला करून जेवत राहिले. वाढता वाढता आईनं पदर सावरून विचारलं, "साहेब, तुमच्या घरात खिडकी हाय का?"

साहेब म्हणाले, "आहे. दोन खोल्या आहेत भाड्याच्या. खिडकी आहे, पण समोर दुसऱ्याची भिंत आहे."

"आसू द्या," आई म्हणाली. "उजेड तर येतो ना?" आणि तिनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर साहेबांना माळवद बघायचं होतं. अप्पा, हमीदचाचा, सरपंच आणि अर्धी पेठ त्यांच्यामागून वर चढली. मीही गेले. साहेब कडेला जाऊन गढीकडे बघत राहिले. त्यांच्या पिशवीत गढीचं कुणी जुन्या काळी काढलेलं चित्र होतं. ते त्यांनी समोर धरलं. चित्रातली गढी मारुतीच्या कळसाच्या वर होती. समोरची कळसाच्या गुडघ्याला लागत होती. ते म्हणाले, "एवढी खाली कशी आली हो?"

सरपंचांना अचानक खाली काहीतरी काम आठवलं. हमीदचाचा धुमस ठेवायच्या कोपऱ्याकडे बघायला लागले. अप्पा खोकले. "पाऊस," ते म्हणाले. "पावसानं वाहून जाती, साहेब."

"एवढा पाऊस पडतो बीड जिल्ह्यात?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या पायापाशी आवाज आला. स्वयंपाकघराचा झरोका तिथेच होता आणि आई खाली भांडी घासत होती. खालून, त्या ताटाएवढ्या भोकातून ती म्हणाली, "पाऊस कुठला साहेब. तुमी जिच्यावर उभं हाव, तीच गढी हाय."

साहेबांनी पटकन पाय उचलला, कुणाच्या हातावर पडल्यासारखा. मग त्यांनी मारुतीपासून मशिदीपर्यंतची ती पांढरी, सलग, चोपलेली माळवदं बघितली. आमच्या आजोबा-पणजोबांच्या वैशाखांत टोपलीटोपलीनं आलेली अख्खी गढी पेठेच्या डोक्यावर पसरलेली होती. साहेब हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर झाले. म्हणाले, गढीचंही नाव माझ्या कागदात आहे. ती राखायची ठरली तर तिथून मूठभर माती काढता येणार नाही.

हमीदचाचा म्हणाले, "मंग साहेब, ह्या घराला माती कुठून आणायची? गढीची माती नाय भेटली तर दोन पावसात तुमचे हे खांब खाली येतात. अब बोलो, काय राखायचं? गढी का घर?"

त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. साहेब कठड्यावर बसले. जाताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. आत डोकावले, डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत उभे राहिले. मग अप्पांना म्हणाले, "मला लिहायचं ते मी लिहीन, शेटजी. पण तुम्हाला अडवायला मी येणार नाही." ते गेले. मागून ना कागद आला ना कुणी माणूस. घर पुन्हा पुरतं अप्पांचं झालं.

गवंडी ठरला. सगळं घर पाडायचं, दालनापासून सुरुवात. अडचण एकच होती, पण ती कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दालनाच्या सामायिक भिंतीवर पलीकडून हमीदचाचांच्याही तुळया टेकलेल्या होत्या. अप्पा त्यांच्याकडे बोलायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, "घर तुमचं हाय शेटजी. पाडा. भाभीला खिडकी भेटू द्या. आमच्या तुळया आमी धरतो टेकू देऊन. तुमी नका फिकर करू."

आदल्या संध्याकाळी अप्पा दालनातलं सामान हलवत होते आणि मी कोनाड्यातल्या वाट्या काढत होते. कोनाड्यापाशी अप्पा थांबले. भोकातून पलीकडे दिसत होतं. चाचांनी मिळतील तिथून लाकडं आणून तुळयांखाली उभी केली होती, एकही दुसऱ्यासारखं नाही. एक बैलगाडीचं जू होतं, एक मोडक्या बाजेचा पाय विटांवर चढवलेला. बांगड्यांच्या पेट्या सगळ्या अंगणात नेऊन त्यावर ताडपत्री घातलेली. जैतूनचाची त्या टेकूंच्या मधून वाकून वाकून स्वयंपाक करत होती, आणि तिनं भोकात आमच्यासाठी शेवयांच्या खिरीची वाटी ठेवलेली होती, अजून गरम. अप्पांनी ती वाटी उचलली. ते तिथेच उभे राहून ती खीर प्यायले, सगळी. त्यांना गोड चालत नव्हतं.

सकाळी गवंडी कुदळ घेऊन आला तर अप्पा म्हणाले, "दालन राहू दे. मागचं तेवढं पाड." शटरं राहून गेली, काचही राहून गेली. ते का, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि चाचांनी कधी विचारलं नाही. दुकान तसंच अंधारात चाललं, जेवढं चालायचं तेवढं. आईला मात्र खिडकी मिळाली.

खिडकी बसली त्या दिवशीचा उजेड मला अजून दिसतो. आधी दिसली ती काजळी. मग आईचे हात. ती आपले दोन्ही हात खिडकीपुढे धरून उलटेपालटे करून बघत बसली. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हातारी झाले की मी." आणि खदाखदा हसली. जैतूनचाची रस्त्यानं फिरून, पुढच्या दारानं आली, कोनाड्यातून बोलून तिचं भागेना. दोघी खिडकीशी बसून गढीकडे बघत चहा प्यायल्या. चाचीनं उजेडात बघून आईच्या हातात नवा चुडा भरला.

मग वैशाख आला आणि पेठेनं मातीचा दिवस धरला. त्या वर्षी जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. आम्ही बार्शीला लग्नाला गेलो होतो. शेटजी नाहीत, त्यांचं माळवद उघडं राहायला नको, म्हणून पेठेनं आमच्या दालनावर माती टाकली आणि तशीच पुढे नव्याकोऱ्या स्लॅबवरही टाकली! चांगली हातभर. हमीदचाचांनी धुमसानं चोपली, पार गुळगुळीत केली. कुणाच्या मनातही आलं नाही की सिमेंटला माती लागत नाही. छप्पर आहे म्हणजे माती हवी. आम्ही आलो, अप्पांनी वर जाऊन बघितलं, आणि कपाळाला हात लावला. पण सगळे भुवया पांढऱ्या करून कौतुकानं उभे होते. अप्पा म्हणाले, "लई झ्याक बसवलीय." आणि सगळ्यांना चहा सांगितला.

पावसाळ्यात त्या मातीनं स्लॅबचं पन्हळ बुजलं, पाणी तुंबलं, आणि नव्या स्वयंपाकघरात नेमकं चुलीवर टपटपायला लागलं. दालनाचं जुनं माळवद कोरडं ठणठणीत. अप्पा चिडले, आई नाही. तिनं थेंबाखाली पातेलं ठेवलं. "गळू दे," ती म्हणाली. "कुठं गळतंय ते दिसतंय तरी आता." माती काढून टाकावी असं मात्र घरात कुणी म्हणालं नाही. पन्हळ मोकळं केलं, एवढंच. त्या मातीवर गवत उगवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पेठेतल्या सगळ्या स्लॅबांत आमचाच तेवढा गार राहिला.

हे सगळं ओट्यावर बसून आठवेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली. महेश पुन्हा हाक मारत होता. आत गेले. दालनात वाकून चालावं लागतं आता, एक तुळई खाली आलीय. मी मोबाईल काढून केळफुलांचे फोटो काढायला लागले. तिथेच एका कोपऱ्यात, पडक्या जागेपासून जरा दूर, महेशची बायको स्वाती शिवणयंत्रावर बसली होती. संध्याकाळचा दिवा लावून नव्हे, तो सकाळपासूनच लावलेला होता. काजबटणं करायचं तिचं काम चांगलं चालतं. सुईत दोरा ओवताना ती दिव्याखाली डोळे अगदी बारीक करत होती. माझ्याकडे बघून हसली आणि झटकन शिवलेल्या कापडावर चादर ओढली, वरून मातीची बारीक धार लागली होती म्हणून.

आई खिडकीशी बसली होती. अप्पा गेले, हमीदचाचा गेले. चाचांच्या मुलांनी आपलं घर स्वतःच्या खांबांवर उभं केलंय, आता सामायिक भिंतीवर कुणाच्याही तुळया नाहीत. मी आईजवळ बसले. काय बोलायचं ते बसमध्ये जुळवून आले होते. असे खांब आता मिळत नाहीत, असं काहीतरी.

आईनं माझा हात हातात घेतला, खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडाकडे धरून बघितला, आणि विचारलं, "तुझ्या घरात खिडक्या किती गं?"

मला ते साहेब आठवले. वरणातली माती बाजूला करणारे. मला इतकं हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. म्हटलं, "लई हायेत आई." मग बाहेर जाऊन महेशला म्हटलं, "पाड. पण स्वातीच्या यंत्रापुढं मोठी खिडकी ठेव. आणि खांब मला नकोत, नव्या ओट्याला लाव." महेशनं नुसतं नाक ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उतरलं. मला वाटलं होतं धूळ उडेल, आवाज होईल. पण माळवद शहाण्यासारखं खाली आलं. महेशनं माती उचलायला ट्रॅक्टर सांगितला होता, फाट्यापाशी खड्ड्यात टाकायला. आई काठी टेकत दारात आली आणि म्हणाली, "खड्ड्यात? कावून? ती काय आपली हाय? जिथली हाय तिथं नेऊन द्या."

पेठेत आता माळवदं राहिली नाहीत, माती हा दिवस राहिला नाही. तरी माणसं आली. ट्रॅक्टर गढीवर चढत नाही म्हणून टोपल्या निघाल्या. चाचांची मुलं, बेकरीवाला, स्वाती, मी. जैतूनचाची पायथ्याशी खुर्ची टाकून बसली, डोळ्यांनी दिसत नाही तरी सगळ्यांना सूचना द्यायला. मी डोक्यावर टोपली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा गढीवर चढले. आमच्या झोपा, आमच्या कुरडया, अप्पांचा खोकला, हमीदचाचांचे धुमसाचे ठोके, सगळं त्या मातीत होतं, आणि टोपली जड होती. माझ्याकडून मी मनातल्या मनात गढीला म्हटलं, बाई, फार दिवस सांभाळलंस आम्हाला.

माती ओतली. खाली बघितलं तर आमच्या घराच्या मागच्या भिंतीत ती खिडकी, आणि खिडकीत आई. कपाळावर हात आडवा धरून ती बघत होती. मग तिनं हात हलवला आणि ओरडली. एवढ्या लांबूनही मला स्पष्ट ऐकू आलं.

"तिथं नको गं टाकूस! आजून वर टाक. व्हती तेवढी करा तिला!"